लॅब झाली, पुढं काय?
लेखात म्हटलंय, टिश्यूकल्चरची (बाटलीत रोपं वाढवायची) लॅब झाली की मराठवाड्याला बटाट्याचं बेणं बाहेरून आणावं लागणार नाही. इतकं सोपं नाही हो! नांदेडच्या अर्धापूरकडं केळीचं टिश्यूकल्चरचं रोप आणून सरळ रानात लावतात, बटाट्याचं तसं नसतं. शेंड्याच्या टोकातून विषाणूमुक्त रोप काढायचं, बाटलीत तुकडे करून वाढवायचं, नेटहाऊसमध्ये (जाळीच्या घरात) मिनीट्यूबर, म्हणजे छोटे बटाटे, घ्यायचे आणि मग दोन-तीन हंगाम रानात वाढवून बेणं शेतकऱ्याच्या हाती. ते हंगाम कुठं घेणार? मावा (रस शोषणारी कीड) आला की विषाणू परत शिरतो. म्हणून तर पंजाबात मावा वाढायच्या आतच बेण्याच्या पिकाचा पाला कापतात. शिवाय आपल्या उन्हाळ्यात बेणं टिकवायला २ ते ४ अंशांचं शीतगृह लागतं (विजेचं तर बोलूच नका). त्याच्या खर्चाचा लेखात एक शब्द नाही.