ग्रीनलंडच्या बर्फाखालचा 'खजिना': त्या फॉरवर्डमधलं खरं-खोटं

दादर-प्रभादेवीच्या सोसायट्यांच्या ग्रुपवर सध्या एक फॉरवर्ड जोरात फिरतोय. मजकूर थोडक्यात असा: बर्फ वितळल्यामुळे ग्रीनलंडमध्ये रेअर अर्थ धातूंचा (मोटरमधल्या ताकदवान चुंबकांना लागणाऱ्या धातूंचा) नवा साठा उघडा पडलाय, दोन वर्षांत चीनची मक्तेदारी संपणार, आणि भारत नुसता बघत बसणार कारण आपल्याकडे हे धातू नाहीतच.

आधी बर्फाचं बघू. क्वानेफेल्ड आणि तानब्रीझ हे ग्रीनलंडचे दोन गाजलेले साठे दक्षिण टोकाला, समुद्रालगतच्या उघड्या खडकात आहेत. बेटाचा सुमारे ८० टक्के भाग बर्फाखाली आहे हे खरं, पण उरलेली उघडी जमीनसुद्धा अख्ख्या महाराष्ट्रापेक्षा मोठी आहे. साठे नवेही नाहीत. क्वानेफेल्डला १९५०च्या दशकात डेन्मार्कचे भूवैज्ञानिक युरेनियमच्या मागे लागले होते. खुद्द अणुशास्त्रज्ञ नील्स बोर १९५७ मध्ये तिथे जाऊन आले.

'दोन वर्षांत' हे लिहिणाऱ्याने असलं शोधकाम कसं चालतं ते पाहिलेलं दिसत नाही. या खडकांत बहुधा किरणोत्सर्गी थोरियम असतं, म्हणून हेलिकॉप्टरला गॅमा किरण मोजणारं यंत्र लावून डोंगर पिंजून काढतात. मग ड्रिलिंग. ग्रीनलंडमध्ये एका गावातून दुसऱ्या गावात जायला रस्ता नाही, त्यामुळे ड्रिल, डिझेल, तंबू सगळं बोटीने किंवा हेलिकॉप्टरने न्यायचं, तेही उन्हाळ्याच्या मोजक्या महिन्यांत. जमिनीतून निघालेली खडकाची कांडी उभी चिरतात. अर्धी प्रयोगशाळेत जाते, अर्धी किती खोलवरून निघाली ते लिहून पेटीत जपून ठेवतात. अशा शेकडो पेट्या भरल्या की कुठे साठ्याचा आकडा मांडता येतो.

आणि आकडा म्हणजे खाण नव्हे. स्वीडनच्या किरुनामध्ये एलकेएबी या सरकारी कंपनीने जानेवारी २०२३ मध्ये दहा लाख टनांहून जास्त रेअर अर्थ ऑक्साइड असल्याचं जाहीर केलं. तिथे लोखंडाची चालू खाण आहे, नॉर्वेतल्या नार्विक बंदरापर्यंत रेल्वे आहे. तरीही माल बाजारात यायला किमान १० ते १५ वर्षं लागतील, असं कंपनीच म्हणाली. क्वानेफेल्डचं तर घोडं परवानगीतच अडलं: शेजारच्या नारसाक गावात युरेनियमच्या धुळीची धास्ती होती, २०२१ची निवडणूक याच मुद्द्यावर गाजली, आणि त्याच वर्षी ठरावीक प्रमाणापेक्षा जास्त युरेनियम असलेल्या साठ्यांवर बंदीचा कायदा झाला.

पण समजा, उद्या खाण सुरू झाली. चीनची खरी मक्तेदारी खाणीपेक्षा रसायनशास्त्रात आहे. नियोडिमियम आणि प्रासिओडिमियम हे रेअर अर्थमधले सख्खे शेजारी. त्यांच्या आयनांच्या (विद्युतभारित अणूंच्या) आकारात इतका बारीक फरक की वेगळे करायला द्रावण टाक्यांच्या लांबलचक रांगेतून पुन्हापुन्हा फिरवावं लागतं. जगातलं असलं सुमारे ९० टक्के शुद्धीकरण चीनमध्ये होतं. अमेरिकेतल्या माउंटन पास खाणीचा मालसुद्धा अगदी अलीकडेपर्यंत तिकडेच जात होता. तानब्रीझची अडचण आणखी वेगळी. तिथलं खनिज युडियालाइट, लालसर आणि दिसायला देखणं. ॲसिडमध्ये टाकलं की त्यातली सिलिका जेलीसारखी गोठते आणि गाळण्या तुंबतात. या खनिजातून मोठ्या प्रमाणावर रेअर अर्थ काढणारा कारखाना अजून कुठे उभा राहिलेला नाही.

राहिला भारत. हा फॉरवर्ड पुढे ढकलणाऱ्यांपैकी कितीतरी जण दर मंगळवारी सिद्धिविनायकाच्या रांगेत उभे असतात. देवळासमोरच आयआरईएलचं मुख्यालय आहे, म्हणजे १९५०ची सरकारी कंपनी इंडियन रेअर अर्थ्स. केरळातलं चवरा, तमिळनाडूतलं मनवलकुरिची आणि ओडिशातलं छत्रपूर इथल्या किनाऱ्यांवरची वाळू ही कंपनी चाळते. अमेरिकी भूगर्भ सर्वेक्षण खातं भारताचा साठा ६९ लाख टन धरतं, ग्रीनलंडचा १५ लाख. आपलं उत्पादन मात्र वर्षाला तीन हजार टनांच्या आत, कारण आपलं खनिज मोनाझाइट, त्यात थोरियम, म्हणून सगळं अणुऊर्जेच्या नियमांखाली येतं.

फॉरवर्डमध्ये चिमूटभर खरं आहे ते इतकंच: आपल्या वाळूत नियोडिमियमसारखे हलके रेअर अर्थ आहेत, पण तापलेल्या मोटरमध्येही चुंबकाची ताकद टिकवणारे डिस्प्रोसियम आणि टर्बियम काढण्याजोग्या प्रमाणात नाहीत. ते तानब्रीझमध्ये चांगल्या प्रमाणात आहेत, त्याच जेली होणाऱ्या खडकात.