दोन ओळींचं काम

सोसायटीची वेबसाइट फुकटात करून द्यायचं कबूल केलं, तिथेच माझं चुकलं. जँगो घेतलं, म्हणजे पायथन भाषेत वेबसाइट बांधायचा तयार सांगाडा; मायग्रेट मारलं, म्हणजे डेटाबेसात तक्ते पाडून घेतले; लॉगिनचं पान तयार. सेक्रेटरी काकांनी चष्मा कपाळावर चढवला. "हे यूजरनेम काय असतं रे? आम्ही आपला मोबाइल नंबर टाकणार."

"होईल काका, दोन ओळींचं काम आहे."

शिंप्याचं 'परवा या' आणि आमचं 'दोन ओळींचं काम' हे एकाच माळेचे मणी.

जँगोच्या डॉक्युमेंटेशनमध्ये स्वच्छ लिहिलंय की नव्या प्रोजेक्टात स्वतःचं यूजर मॉडेल (सदस्याची कोणती माहिती कशी ठेवायची याचा आराखडा) पहिल्या मायग्रेटच्या आधीच करून ठेवा. ही सोय २०१३ पासूनची, १.५ आवृत्तीतली. मी ते वाचलं तेव्हा तीन महिन्यांच्या मेंटेनन्सच्या पावत्या आत गेल्या होत्या. तरी मॉडेल बदलून पाहिलं. 'इनकन्सिस्टंट मायग्रेशन हिस्टरी' असं म्हणून जँगो अडून बसलं. अॅडमिनचं, म्हणजे जँगोच्या व्यवस्थापनाच्या पानांचं, मायग्रेशन केव्हाच झालंय आणि ते ज्याच्या भरवशावर उभं, ते माझं मॉडेल अजून जन्मायचंय. बारशाच्या पंगती उठल्या, बाळाचा पत्ता नाही.

मग आडवाट धरली. स्वतःचा ऑथेंटिकेशन बॅकएंड लिहिला, म्हणजे लॉगिन करणारा खरा की खोटा हे तपासणारा भाग. मोबाइलवरून माणूस शोधायचा, पासवर्ड जुळला तर तो यूजर परत द्यायचा, नाहीतर 'नन', म्हणजे 'कोणी नाही'. नन मिळालं की जँगो यादीतल्या पुढच्या बॅकएंडकडे जातं; कचेरीत 'पलीकडच्या टेबलावर विचारा' म्हणतात तसं. जँगोच्या मूळ बॅकएंडची एक खोड मात्र मला फार आवडली. यूजर सापडला नाही, तरी तो आलेला पासवर्ड एकदा हॅश करतोच, म्हणजे न उलगडणाऱ्या सांकेतिक रूपात बदलण्याचं वेळखाऊ काम उरकतोच. उत्तर लवकर आलं की उशिरा, एवढ्यावरून खातं आहे की नाही हे कुणी ताडू नये म्हणून. फाइल नाही हे ठाऊक असूनही दोन मिनिटं कपाटात डोकं घालून उभा राहणारा कारकूनच तो!

माझ्या लॅपटॉपवर सगळं पास. रविवारी काकांनी स्वतः नंबर टाकला. 'असा सदस्य नाही.' पुन्हा टाकला. नाही. सोसायटीत छत्तीस वर्षं काढलेला माणूस, चेहरा पडला. फोन हातात घेतला तर कीबोर्ड मराठी, नंबर '९८'पासून पुढे शुद्ध देवनागरीत. दहा आकडे तपासणाऱ्या माझ्या रेग्युलर एक्स्प्रेशनने तो बिनतक्रार आत सोडला होता, कारण पायथनला मराठी नऊ हाही आकडाच. डेटाबेसात मात्र इंग्रजी नऊ. नंबर 'इंट'मध्ये घातला, म्हणजे त्याची संख्या केली, परत 'स्ट्रिंग' म्हणजे मजकूर केला, आकडे इंग्रजी झाले. अख्ख्या प्रकरणात खरोखर दोन ओळींचं निघालं ते एवढंच.

काका आत गेले. टाळ्याबिळ्या झाल्या. तेवढ्यात मागून तिसऱ्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, "आमच्या दोघांत फोन एकच, त्यावर यांनी आधीच खातं उघडलंय. मग मी कशाने जाऊ?"

मोबाइलचा रकाना मी युनिक ठेवला होता, एका नंबरावर एकच खातं. मी गप्प.

"अरे, त्यात काय एवढं," काका म्हणाले, "त्यांना एक यूजरनेम दे ना."