निकाल शंभर टक्के, पण कोणाचा?

दहावीचे निकाल लागले की एक मजकूर शिक्षकांच्या आणि पालकांच्या ग्रुपवर हटकून फिरतो. त्याचा आशय असा: शाळा कशी आहे हे निकालावरून कळतं. मुलगे-मुली, आदिवासी, स्थलांतरित अशी गटवार आकडेवारी काढणं म्हणजे मुलांवर शिक्के मारणं. आणि हे सगळे तक्ते साहेबांसाठीच भरायचे असतात. शेवटच्या मुद्द्यात तथ्य आहे. पहिले दोन मात्र मला पटत नाहीत.

आधी निकाल. टक्केवारी निघते ती परीक्षेला बसलेल्यांवर. नववीत रखडलेल्या पोराच्या वडिलांना बोलावून ‘सतरा नंबरचा फॉर्म भरून टाका’ असं शाळेने सुचवलेलं मी स्वतः ऐकलं आहे. पोरगा बाहेरून बसतो आणि गेटवरचा शंभर टक्क्यांचा फलक शाबूत राहतो. निकाल खोटा नसतो, फक्त त्यात तो पोरगा नसतो.

‘गट पाडू नका’ म्हणणाऱ्यांना बातमीतले गट मात्र चालतात. २०२५ साली राज्याचा दहावीचा निकाल ९४.१० टक्के लागला. त्याच दिवशी मंडळाने मुलींचा ९६.१४ आणि मुलांचा ९२.३१ टक्के असल्याचंही सांगितलं. कोकण विभाग ९८.८२, नागपूर ९०.७८. यावर कुणी शिक्क्याची तक्रार केली नाही.

सरासरीवर विसंबून राहिलं की काय होतं, ते ऊसतोडीच्या गावात नीट दिसतं. समजा वर्गाचा पट ३०. ऑगस्टच्या चाचणीत २४ मुलांची सरासरी ६० गुण आणि उरलेल्या सहांची ३०. वर्गाची सरासरी ५४. दिवाळीच्या सुमारास ती सहा मुलं आईबापांबरोबर कारखान्याकडे गेली. जानेवारीच्या चाचणीला २४ जणच बसले, त्यांची सरासरी पुन्हा ६०. कागदावर वर्ग सहा गुणांनी वर गेला! एकही मूल एक अक्षर पुढे सरकलेलं नाही, आणि सहा जण तर शाळेतच नाहीत. पण आसपासच्या शाळांच्या शिक्षकांच्या केंद्रसंमेलनात टाळ्या याच वर्गाला पडणार.

यावर उपाय अवघड नाही. दोन्ही चाचण्यांना बसलेली तीच मुलं जोडून बघायची, आणि जी दुसऱ्या वेळी नव्हती त्यांचा वेगळा रकाना करायचा. ‘स्थलांतरित’ हा गट केला की ती सहा नावं समोर येतात. हंगामी वसतिगृह हवं होतं का, परत आल्यावर कुणाला कुठून सुरू करायचं, हे प्रश्न त्यानंतरच सुचतात.

पातळी आणि प्रगती यांतला फरक इंग्लंडने उशिरा का होईना, हिशोबात घेतला. तिथे माध्यमिक शाळा बरीच वर्षं मुख्यतः पाच विषयांत ठरावीक श्रेणी मिळवणाऱ्यांच्या टक्क्यावर मोजल्या जात. साहजिकच शिक्षकांचं सगळं बळ काठावरच्या मुलांवर लागे. फार मागे असलेल्यांकडे आणि आधीच पुढे असलेल्यांकडे बघण्यात शाळेचा फायदा नव्हता. २०१६ पासून ‘प्रोग्रेस एट’ आलं: प्राथमिक शाळेअखेर सारख्या पातळीवर असलेल्या मुलांशी तुलना. ही मोजणी सुरुवातीच्या आकड्यावर किती अवलंबून आहे पाहा. कोविडमुळे २०२० आणि २०२१ च्या प्राथमिक चाचण्या झाल्या नाहीत, म्हणून ती मुलं पाच वर्षांनी माध्यमिक परीक्षेला आली तेव्हा, म्हणजे २०२५ आणि २०२६ साठी, हा आकडाच काढता येत नाही.

आता शिक्क्यांचं. ही भीती मी हसण्यावारी नेत नाही. जातीचा रकाना बघून ‘यांचं असंच असतं’ म्हणणारे आपल्या स्टाफरूममध्ये आहेत. पण रकाना नसला तरी ते तसंच म्हणतात, फक्त मग त्यांना खोडून काढायला हातात काही नसतं. शिवाय आकडे गटवार बघितले म्हणून मुलांना गटवार बसवायचं असं कुठेय? बसवायचंच असेल तर काय येतं त्यावरून बसवावं. मुंबई आणि बडोद्यात २००१ ते २००३ या काळात ‘प्रथम’ या शिक्षणात काम करणाऱ्या संस्थेच्या बालसखी कार्यक्रमाची रीतसर तपासणी झाली. वस्तीतलीच तरुणी मागे पडलेल्या मुलांना दिवसाचे दोनेक तास वेगळं घेऊन वाचन-गणिताचा पाया पक्का करायची. गुण वाढले, आणि सर्वांत जास्त फायदा सर्वांत मागच्या मुलांना झाला. त्या मुलांची निवड जात बघून झालेली नव्हती.

एक गोष्ट मात्र मान्य. वर्गात तीनच आदिवासी मुलं असतील तर ‘६७ टक्के प्रगत’ हे वाक्य निरर्थक आहे. एक मूल तापाने आजारी पडलं की ३३ टक्के. अशा ठिकाणी टक्का काढू नये, तिघांच्या वह्या उघडाव्यात.

राहिला कागद रंगवण्याचा मुद्दा. तेच नाव, तीच जन्मतारीख, तोच आधार क्रमांक तीन पोर्टलांवर भरताना माझेही तास गेले आहेत. भरलेल्या माहितीतून माझ्या वर्गाबद्दल काही उलटून मला कधी कळलं नाही. हा राग रास्तच आहे. पण मला ज्यातून काही कळतं तो तक्ता एका पानावर मावतो: मुलाचं नाव, ऑगस्टला काय येत होतं, आता काय येतं, मधे किती दिवस नव्हतं. तो मी हजेरीच्या मागच्या पानावर पेन्सिलीने आखतो.