मत न देता निवडलेले लोक आणि आमचा टॅक्स

मार्चमधे कौन्सिल टॅक्सचं, म्हणजे इथल्या घरपट्टीचं, बिल दारात पडलं की इकडे इंग्लंडमधल्या मराठी ग्रुपवर दरवर्षी तीच बोंबाबोंब. खड्डे तेवढेच, बस अजून कमी, आणि टॅक्स मात्र वाढला. बरोबरच आहे, मीपण करते. पण यावेळी ते बिल जरा खालपर्यंत वाचा असं म्हणणं आहे. काउंटी (आपला जिल्हा समजा), डिस्ट्रिक्ट (नावाने जिल्हा, पण आपल्या तालुक्यासारखा), पोलिस, फायर असं करत करत खाली एक बारकीशी ओळ असते, तुमच्या पॅरिशचं, म्हणजे गावाचं, नाव आणि पुढे एक आकडा. आकडा लहान असतो त्यामुळे कोणी बघत नाही. माझं मत असं आहे की सगळ्या बिलात आपल्या हातात खरोखर काही असेल तर ते त्या एका ओळीत आहे, आणि नेमकं तिथेच आपलं लक्ष सगळ्यात कमी आहे.

मी कुठल्या गावात राहते ते मुद्दाम लिहीत नाही. सॉमरसेटला लागून असलेल्या काउंटीतलं एक छोटं गाव समजा, एक पब, एक चर्च, एक प्रायमरी शाळा, दुकान बंद पडलेलं. इथे कोणाचं मांजर हरवलं तरी संध्याकाळपर्यंत सगळ्यांना माहीत असतं, तेव्हा नाव लिहिलं तर उद्या कुत्रं फिरवायला जायची चोरी.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पॅरिश कौन्सिल म्हणजे इथली ग्रामपंचायत. नाव चर्चचं वाटतं पण १८९४ च्या कायद्याने गावचा कारभार चर्चकडून काढून या कौन्सिलांकडे दिला, आता चर्चचा काही संबंध नाही. इंग्लंडभर अशी साधारण १०,००० पॅरिश आणि टाउन कौन्सिलं आहेत. सभासदांना पगार नाही, सरपंचासारखा एक चेअरमन, आणि पगारी माणूस बहुतेक ठिकाणी एकच, तो म्हणजे क्लार्क, तोही पार्टटाइम. आमच्या क्लार्कबाई तीन गावांचं काम बघतात, स्वतःच्या किचन टेबलवरून. आपल्याकडचे ग्रामसेवक आठवा, पण शिक्का नाही, जीप नाही आणि दुचाकीवर मागे बसलेला शिपाईही नाही.

यांच्याकडे काय काय येतं? खेळाचं मैदान, बस शेल्टर, नोटीसबोर्ड, अलॉटमेंट (भाजी लावायला भाड्याने मिळणारे जमिनीचे तुकडे), कुठे कुठे दफनभूमी आणि रस्त्यावरचे दिवे, बाकं, गवत कापणं, कुत्र्यांच्या शीचे डबे. लाल टेलिफोन बॉक्ससुद्धा. बीटी ही टेलिफोन कंपनी एक पौंडात तो गावाला देऊन टाकते, मग आत डिफिब्रिलेटर (हृदय बंद पडलं तर शॉक द्यायचं यंत्र) बसवतात नाहीतर पुस्तकं ठेवतात. आमच्याकडे डिफिब्रिलेटर आहे, त्याची बॅटरी आणि पॅड वेळेवर बदलायचं काम एका रिटायर्ड माणसाने अंगावर घेतलंय आणि तो ते देवपूजेसारखं करतो.

आणि काय काय येत नाही ते जास्त महत्त्वाचं, कारण नव्वद टक्के शिव्या त्याच्याच असतात. रस्ते आणि खड्डे काउंटीचे. कचरा डिस्ट्रिक्टचा. घराची प्लॅनिंग परमिशन डिस्ट्रिक्टची. बसचा रूट काउंटी आणि बस कंपनी यांच्यामधे. म्हणजे गावातला माणूस ज्यांना रोज रस्त्यात भेटतो त्यांच्या हातात काही नाही, आणि ज्यांच्या हातात आहे ते वीस मैलांवर ऑफिसमधे. मग फेसबुक ग्रुपवर खड्ड्याचा फोटो टाकायचा, खाली पन्नास जणांनी रागाची इमोजी टाकायची, झालं आंदोलन.

खड्ड्याबद्दल एक गोष्ट मात्र सगळ्यांनी लक्षात ठेवा, ही फार कामाची आहे. १९८० च्या हायवेज ॲक्टमधे कलम ५८ आहे. तुमचं टायर फुटलं आणि तुम्ही नुकसानभरपाई मागितली तर काउंटी म्हणू शकते की आम्ही नियमाने रस्ता तपासत होतो, हा खड्डा आम्हाला माहीतच नव्हता. आणि सुटते. म्हणजे तुमच्या आधी कोणीतरी तो ऑफिशियली रिपोर्ट केलेला असेल तर तुमची केस उभी राहायला आधार, नसेल तर अवघड. फेसबुकवरचा फोटो म्हणजे रिपोर्ट नव्हे. काउंटीच्या वेबसाइटवर जाऊन दोन मिनिटं घालवायची, नंबर मिळतो तो जपून ठेवायचा.

आता मीटिंगबद्दल. गेल्या हिवाळ्यात मी जायला लागले कारण गावाबाहेरच्या शेतात घरं येणार असा अर्ज पडला होता. व्हिलेज हॉल, घडीच्या खुर्च्या, चहाचा मोठा स्टीलचा पिंप पण चहा नाही, समोर टेबलामागे सहा जण कोट घालूनच बसलेले. एरवी पब्लिकमधे मी आणि शेजारच्या आजी, त्या दिवशी हॉल भरलेला. प्रत्येकाला बोलायला तीन मिनिटं. एकामागून एक लोक उठले आणि म्हणाले की आमच्या खिडकीतून दिसणारी टेकडी जाईल, आमच्या घरांच्या किमती पडतील. आता गंमत बघा, इंग्लंडच्या प्लॅनिंगमधे खाजगी घरातून दिसणारा देखावा आणि घराची किंमत या दोन्ही गोष्टी धरल्याच जात नाहीत. क्लार्कबाई दर वेळी शांतपणे तेच सांगत होत्या. धरलं जातं ते काय, तर ट्रॅफिक, पाण्याचा निचरा, शेजाऱ्याच्या घरात डोकावणारी खिडकी, सांडपाणी, शाळेची क्षमता. शेवटी त्या आजी उठल्या, म्हणाल्या त्या शेताच्या खालच्या कोपऱ्यात दर जानेवारीत पाणी साचतं आणि लेनवर येतं, माझ्याकडे फोटो आहेत, तारखा लिहिलेले, कितीतरी वर्षांचे. पिशवीतून बिस्किटांचा डबा काढला आणि त्यात खरंच फोटो. अख्ख्या संध्याकाळीत कामाचं बोललेलं ते एकच वाक्य होतं, आणि पॅरिशच्या हरकतीत तेच पहिल्या नंबरला गेलं.

हरकत कळवणं एवढंच पॅरिशच्या हातात, निर्णय वरचा. पण पुरावा असलेली हरकत आणि नुसती चिडचिड यात फरक असतोच. आणि घरं झाली तरी पैशाचा भाग आहे. जिथे कम्युनिटी इन्फ्रास्ट्रक्चर लेव्ही लागू आहे तिथे बिल्डरकडून येणाऱ्या रकमेतला १५ टक्के हिस्सा पॅरिशला मिळतो, आणि गावाने स्वतःचा नेबरहुड प्लॅन, म्हणजे गावात कुठे काय बांधायचं याचा आराखडा, करून सार्वमताने पास केला असेल तर २५ टक्के. मैदान, फुटपाथ, हॉलचं छप्पर यातून होऊ शकतं. आमच्या गावाला नेबरहुड प्लॅन नाही. कमिटी बसवली होती म्हणे, माणसं मिळेनात म्हणून बारगळली.

तसं माझं स्वतःचं मत घरं व्हावीत असंच आहे. इथे वाढलेली पोरं इथे राहू शकत नाहीत, शाळेत पोरं कमी होत चाललीत, आणि शनिवार रविवार उघडणारी दुसरी घरं मात्र आहेत. कॉर्नवॉलमधल्या सेंट आइव्ह्जच्या लोकांनी २०१६ ला याच वैतागातून मतदान करून नव्या घरांत सेकंड होम नको असा नियम आणला. एप्रिल २०२५ पासून कौन्सिलं सेकंड होमवर दुप्पट कौन्सिल टॅक्ससुद्धा लावू शकतात. आम्ही स्वतः बाहेरून आलेले, तेव्हा आमच्या मागून दार लावून घ्या हे मला बोलवत नाही. असो, यावर भांडायचं असेल तर वेगळ्या पोस्टवर भांडू.

मूळ मुद्दा पैशाचा. काउंटीला आणि डिस्ट्रिक्टला टॅक्स किती टक्के वाढवायचा यावर सरकारची मर्यादा आहे, तिच्यावर जायचं तर सार्वमत घ्यावं लागतं. पॅरिशच्या हिश्शाला, ज्याला प्रीसेप्ट म्हणतात, अशी मर्यादा आतापर्यंत सरकारने लावलेली नाही. म्हणजे कितीही वाढवू शकतात. आता वरच्या कौन्सिलांची तिजोरी रिकामी, वयस्कर लोकांची देखभाल आणि खास गरजा असलेल्या मुलांचा खर्च यातच सगळं जातं, आणि ज्या गोष्टी कायद्याने करायलाच लागतात असं नाही त्या हळूच खाली सरकवल्या जातात. टॉयलेट, बागा, गवत. घ्यायचं तर घ्या, नाहीतर बंद.

शेजारच्या सॉमरसेटचं बघा. १ एप्रिल २०२३ ला तिथली चार डिस्ट्रिक्ट आणि काउंटी मोडून एकच कौन्सिल केलं, पैसे वाचतील म्हणून. त्याच वर्षी नोव्हेंबरमधे त्या नव्या कौन्सिलने आर्थिक आणीबाणी जाहीर केली. मग सेवा टाउन आणि पॅरिशकडे सरकल्या आणि तिथल्या टाउंटन शहराच्या टाउन कौन्सिलचा हिस्सा २०२४ ला एका झटक्यात दुपटीहून जास्त झाला. म्हणजे वर मर्यादा पाळली आणि खालून खिसा कापला. मी टाउंटनच्या लोकांना दोष देत नाही, त्यांनी नाही घेतलं असतं तर बागांना कुलूप लागलं असतं. पण आता सरकार उरलेल्या काउंट्यांतही काउंटी आणि डिस्ट्रिक्ट अशी दोन मजली कौन्सिलं मोडून एकच करायला निघालंय, आणि आमची काउंटी त्या यादीत आहे. तेव्हा ती बारकी ओळ बारकी राहणार नाही हे लिहून घ्या.

आणि ही ओळ ठरवतं कोण? आमच्या गावात गेल्या निवडणुकीत जागा नऊ, अर्ज पाच. अर्ज जागांपेक्षा कमी म्हणजे मतदानच नाही, पाचही बिनविरोध. उरलेल्या जागा त्या पाचांनी आपल्या पसंतीने भरायच्या, याला को-ऑप्शन म्हणतात. दोन मिळाले, पुढे एक सोडून गेला, उरले सहा. एकालाही गावाने मत दिलेलं नाही. लबाडी अजिबात नाही हां, बिचारे गयावया करून माणसं शोधत असतात. पण आपल्याकडे उलटी तऱ्हा, नाशिक जिल्ह्यातलं उमराणे आणि नंदुरबारमधलं खोंडामळी इथे तर सरपंचपदाचा लिलाव झाला म्हणून राज्य निवडणूक आयोगाने जानेवारी २०२१ ला निवडणूकच रद्द केली. तिकडे खुर्चीला कोटींची बोली आणि इकडे फुकट देतो म्हटलं तरी कोणी बसत नाही. दोन्हीकडे मतपेटी रिकामीच.

आता आपल्या लोकांसाठी खास, कारण हे फार जणांना माहीत नसतं. इथे रीतसर राहणारे भारतीय पासपोर्टवाले कॉमनवेल्थ नागरिक म्हणून मतदान करू शकतात, ब्रिटिश पासपोर्ट यायची वाट बघायची गरज नाही, फक्त मतदार यादीत नाव घालायचं. आयएलआर, म्हणजे इथे कायम राहायची परवानगी, असेल तर पॅरिशला उभंही राहता येतं, डिपॉझिट नाही, गावातल्या दोन मतदारांच्या सह्या पुरतात. आणि मधेच जागा रिकामी झाली तर बोर्डावर नोटीस लागते, कामाच्या १४ दिवसांत १० मतदारांनी लेखी मागणी केली तर निवडणूक घ्यावीच लागते, नाहीतर परत को-ऑप्शन. फक्त दहा सह्या. आमच्या गावातली ती नोटीस हॅलोविनच्या पार्टीच्या पोस्टरखाली झाकली गेली होती.

मीटिंगला बसायचा हक्क १९६० च्या कायद्याने आहे, आणि तो कायदा खासगी विधेयक म्हणून आणला होता नव्याने निवडून आलेल्या मार्गारेट थॅचरनी. बाईंचं बाकी काही पटो न पटो, हे काम झकास केलं. व्हिडिओ घ्यायलाही परवानगी आहे. झूमवर मात्र नाही, ती कोविडमधली सवलत मे २०२१ ला संपली. हँडफोर्थच्या पॅरिश कौन्सिलच्या झूम मीटिंगमधल्या भांडणाचा तो जॅकी वीव्हरबाईंचा व्हिडिओ सगळ्यांनी बघून हसून घेतलं, मीपण हसले. पण तेवढे लोक आपापल्या गावच्या मीटिंगला गेले असते तर!

आमच्या क्लार्कबाईंनी सांगितलंय की पुढच्या वर्षीच्या बजेटचा कच्चा आकडा नोव्हेंबरच्या मीटिंगला येईल आणि जानेवारीत पक्का होईल. बस शेल्टर दुरुस्त करायचं की स्पीड दाखवणारं यंत्र घ्यायचं यावर भांडण होणार हे नक्की, मी शेल्टरच्या बाजूची आहे, आजी यंत्राच्या. आमच्या गावातले जे कोणी हे वाचताहेत, तुम्ही तिघं आहात मला माहितीये, दुसरा मंगळवार, साडेसात, मागचं दार ढकलून या कारण पुढचं अडकतं. हीटिंग सातला लावतात आणि मीटिंग संपली की हॉल गरम होतो, तेव्हा जॅकेट काढू नका.