दहा मिनिटांनी काय होतं? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: रोज दहा मिनिटं चाला असं सांगणं ही लोकांची दिशाभूल आहे, वजन उतरतं ते आहाराने. तुम्ही महिनाभर रोज तासभर घाम गाळलात, तरी काटा अर्धा किलो वरच सरकला आणि तुम्ही सगळं सोडून दिलंत.

आधी हिशोब करू. एक किलो चरबी म्हणजे साधारण 7,700 कॅलरी. 70 किलोचा माणूस दहा मिनिटं भरभर चालला तर 40-50 कॅलरी खर्च होतात. म्हणजे नुसत्या त्यावर एक किलो उतरायला पाच-सहा महिने, तेही खाणं जराही वाढलं नाही तर. तुमच्या बाजूने आणखी एक गोष्ट सांगतो. टांझानियातले हाड्झा लोक शिकारीसाठी, कंदमुळांसाठी रोज भरपूर पायपीट करतात. हर्मन पॉन्ट्झर आणि सहकाऱ्यांनी त्यांचा ऊर्जाखर्च मोजला, तेव्हा (2012) शरीराचा आकार लक्षात घेता तो शहरी माणसांइतकाच निघाला. तेव्हा वजन उतरवण्यात आहाराचा वाटा मोठा, हे मला पूर्ण मान्य आहे.

मग दहा मिनिटं कशाला? कारण पहिले दोन-तीन महिने व्यायामाकडे वजन मागूच नये, असं माझं ठाम मत आहे. त्या काळात एवढंच साधायचं, की वेळ झाली की मनाशी वाद न घालता आपण उठतो. लंडनमध्ये फिलिपा लॅली यांनी 96 जणांवर 12 आठवडे अभ्यास केला. प्रत्येकाने एक छोटी कृती रोजच्या एखाद्या ठरलेल्या प्रसंगाला जोडायची होती. ती अंगवळणी पडायला लागलेल्या काळाचा मध्यांक (निम्म्यांना त्याहून कमी, निम्म्यांना जास्त) 66 दिवस आला, पण कुणाला 18 दिवस पुरले, तर कुणाला 254 लागतील असा अंदाज निघाला. व्यायामाला पाणी पिण्यासारख्या कृतींपेक्षा जास्त वेळ लागला. आणि मला सगळ्यात मोलाची वाटते ती गोष्ट ही, की एखादा दिवस चुकल्याने फारसं काही बिघडलं नाही.

तुमचा महिना या हिशोबात ठेवून बघा. सवय लागायच्या आतच तुम्ही रोज तासाभराचं ओझं उचलत होतात. हा तास निव्वळ मनाच्या जोरावर निघतो, आणि कामाचा ताण किंवा अपुरी झोप आली की पहिला कापला जातो तोच.

त्या अर्ध्या किलोबद्दल. सवय नसलेल्या स्नायूंवर ताण पडला की ते दुखतात, किंचित सुजतात आणि पाणी धरून ठेवतात. शिवाय स्नायूंत साठणाऱ्या ग्लायकोजेनच्या (शरीर साखर ज्या रूपात साठवतं त्याच्या) प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी साठतं. तुमच्या बाबतीत नेमकं हेच झालं असं इथून सांगता येणार नाही. पण एरवीही वजन एका दिवसात किलोभर इकडेतिकडे होतं, तेव्हा एवढ्यावरून महिनाभराच्या कष्टांचा निकाल लावणं मला अन्यायाचं वाटतं. काट्यावर रोज उभं राहत असाल तर आठवड्याची सरासरी काढा.

आता माझा खरा मुद्दा. उतरलेलं वजन परत येतं, आणि तिथे व्यायामाचं मोल कळतं. अमेरिकेत रेना विंग आणि जेम्स हिल यांनी 1994 साली एक नोंदवही सुरू केली: किमान 13.6 किलो उतरवून ते निदान वर्षभर टिकवलेल्या लोकांची. त्यातले बहुतेक जण नियमित व्यायाम करतात, सरासरी दिवसाला तासभर. ही माणसं आपणहून नाव नोंदवणारी, त्यामुळे हा अगदी पक्का पुरावा नव्हे. तरी दिशा स्पष्ट आहे. तुमचा तास शेवटी लागणारच आहे, फक्त तो पहिल्या आठवड्यात नको. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. व्यायाम सलग दहा मिनिटं तरी हवा ही जुनी अट 2020 च्या शिफारशींत राहिलेली नाही. तुकड्या-तुकड्यांनी केलेलंही धरलं जातं.

अडतं कुठे तेही सांगतो. पलंगाच्या कडेला बसलोय, एक मोजा पायात, दुसरा हातात, आणि नजर फोनवर. दिवस जातो तो इथे. म्हणून मी वेळ घड्याळावर ठेवत नाही, दात घासण्याला जोडतो: ब्रश जागेवर गेला की बूट, आणि फोन तोवर दुसऱ्या खोलीत. अगदीच नको वाटलं तर बूट घालून दारापर्यंत जायचं, तेवढंही त्या दिवशी चालतं. दहा मिनिटं आपसूक होऊ लागली, की दर आठवड्याला पाच मिनिटं वाढवायची.

शेवटी तुम्ही गुडघा दुखत असल्याचं लिहिलंय. तो आधी डॉक्टरांना दाखवा. तोवर वेळ तीच ठेवून बसल्या बसल्या हातांचे व्यायाम करा, आणि ते काय म्हणाले ते इथे नक्की कळवा. त्याप्रमाणे पुढचं ठरवू.