ड्रुइड म्हणजे द्रविड नव्हेत, आणि ‘केल्टिक दनू’ची एकही कथा नाही

‘केल्टिक लोक मूळचे वैदिकच. त्यांची आदिमाता दनू ही आपलीच दनू. ड्रुइड म्हणजे द्रविड. ते कुमारी, माता, वृद्धा अशा त्रिदेवीला पूजत, १३ महिन्यांचं वृक्ष-पंचांग पाळत आणि चर्चने त्यांच्या ९० लाख पुजारणी जाळल्या.’ हा मजकूर गेले कित्येक महिने फिरतोय. केल्ट म्हणजे आयर्लंड, ब्रिटन, फ्रान्स इकडचे प्राचीन लोक. खाली ‘अवश्य वाचा’ म्हणून इंग्रजी पुस्तकांची यादी. घरातली मोठी माणसं ‘ही पुस्तकं मागवून दे’ म्हणायला लागली, तेव्हा उत्तर देणं भाग आहे.

ड्रुइड म्हणजे केल्टांचे पुरोहित. त्यांचं लगेच उरकू. एका दमात वैदिक आणि दुसऱ्या दमात द्रविड, हे लिहिणाऱ्यालाही खटकलं नाही! ‘द्रविड’ हा तमिळ-दमिळ या शब्दांचा सोयरा. ‘ड्रुइड’ची बहुतेक भाषाशास्त्रज्ञ ‘द्रु’ आणि ‘विद्’ अशी फोड करतात, आणि हे दोन्ही धातू-शब्द संस्कृतातही आहेत. म्हणजे खरं नातं समोर असताना या माणसाने यमक जुळवलं.

आता दनू. आयर्लंडच्या कथांमधल्या देवकुळाला ‘तुआहा डे डॅनन’ म्हणतात. यातलं ‘डॅनन’ हे षष्ठीचं रूप आहे. त्यावरून ‘दनू’ हे प्रथमेचं रूप आधुनिक अभ्यासकांनी मागे जाऊन बसवलं. जुन्या हस्तलिखितांत ते मिळत नाही. मिळते ती ‘अनू’. इ.स. ९०० च्या सुमारास तयार झालेल्या कॉर्मॅकच्या शब्दकोशात ती आयर्लंडच्या देवांची आई आहे, देवांना तिने चांगलं पोसलं असं म्हटलंय, आणि केरी परगण्यातल्या दोन डोंगरांना तिचे स्तन म्हटलंय. संपलं. तिची कथा नाही, पूजाविधी नाही, मंत्र नाही. तरी यादीतल्या छापाची पुस्तकं दनूवर प्रकरणंच्या प्रकरणं लिहितात: तिचा रंग, तिचं फूल, तिच्यासाठी कोणती मेणबत्ती. हे सगळं लेखकाच्या घरचं आहे.

आणि ‘आपली’ दनू? ऋग्वेदात (१.३२.९) दानू ही वृत्राची आई. इंद्र तिलाही मारतो आणि ती मुलाजवळ पडते, ‘दानुः शये सहवत्सा न धेनुः’, वासरासह गाय पडावी तशी. मारल्या गेलेल्या शत्रूची आई ती. तिला आदिमाता म्हणून मिरवणाऱ्याने ही ऋचा उघडलेलीच नाही.

अर्धं सत्य मात्र मान्य करायला हवं. आयरिश आणि संस्कृत एकाच भाषाकुळातल्या आहेत. आयरिश ‘री’ आणि आपला ‘राजा’ एका मुळाचे. ब्रिगिड या देवीचं नाव तर थेट ‘बृहती’चं भावंड, अर्थ ‘उंच, थोर’. पण शब्द भाऊ असले म्हणजे धर्म एक होत नाही. तसं असतं तर इंग्रजीतला ‘मदर’ पुरला असता.

त्रिदेवीचं प्रकरण जास्त मजेदार आहे, कारण तिथेही थोडं खरं आहे. ऱ्हाइन नदीकाठी, विशेषतः बॉनच्या परिसरात, रोमन काळातले शेकडो दगड सापडलेत. त्यांवर तीन स्त्रिया शेजारीशेजारी बसलेल्या, मांडीवर फळांच्या टोपल्या. खाली लॅटिनमध्ये चार आद्याक्षरं, त्यांचा अर्थ: नवस फेडला, खुशीने, फेडायलाच हवा होता म्हणून. नीट बघा, कडेच्या दोघींच्या डोक्यावर मोठ्या गोल टोप्या, मधलीचे केस मोकळे. म्हणून मधली अविवाहित मानतात. कुमारी मिळाली म्हणायचं. म्हातारी कुठेय? नाही. कॉर्मॅककडे ब्रिगिडही तीन आहेत, पण त्या एकाच नावाच्या तीन बहिणी: एक काव्याची, एक वैद्यकाची, एक लोहारकामाची. वयाचा संबंधच नाही. कुमारी-माता-वृद्धा हा साचा रूढ केला रॉबर्ट ग्रेव्ह्ज या इंग्रज कवीने, १९४८ मध्ये, ‘द व्हाइट गॉडेस’मध्ये.

वृक्ष-पंचांगही त्याचंच. आयर्लंडच्या ओघम लिपीतली २० अक्षरं घ्यायची, त्यांतली १३ व्यंजनं निवडायची, प्रत्येकाला २८ दिवसांचा महिना द्यायचा. १३ गुणिले २८ म्हणजे ३६४, उरलेला एक दिवस वेगळा. याला ‘चांद्र’ म्हणतात! अमावास्या ते अमावास्या सुमारे साडेएकोणतीस दिवस लागतात. म्हणजे दर महिन्याला चंद्र दीड दिवस मागे, चौथ्या महिन्याअखेर सहा दिवस. शिवाय सगळी अक्षरनावं झाडांची नाहीतच; ‘उअथ’ म्हणजे भीती. ओघम कोरलेले सुमारे ४०० दगड आहेत, आणि त्यांवर बहुतेक ‘अमक्याचा, तमक्याच्या मुलाचा’ एवढंच.

खरं केल्टिक पंचांग हवं तर फ्रान्समधल्या कोलिन्यी इथे १८९७ मध्ये सापडलेला काशाचा पत्रा बघा. पाच वर्षांत ६२ महिने, त्यांतले दोन अधिक. वेदांग ज्योतिषाच्या पाच वर्षांच्या युगातही तेवढेच! पण फॉरवर्डवाल्यांनो, उड्या मारू नका: सूर्य आणि चंद्र दोन्ही सांभाळायचे तर पाच वर्षांत ६२ चांद्रमास कुणाच्याही हिशोबात येतात.

९० लाखांचा आकडा १८व्या शतकातल्या एका जर्मन माणसाने चेटकीण ठरवून मारलेल्यांच्या एका गावच्या नोंदी सगळ्या युरोपावर गुणून काढला. इतिहासकार आज ४० ते ६० हजार धरतात, त्यांत पुरुषही होते, आणि आयर्लंडमध्ये चेटकाचे खटलेच फार थोडे झाले.

रोनल्ड हटन या इतिहासकाराचं ‘द ट्रायम्फ ऑफ द मून’ (१९९९) यातल्या बऱ्याच गोष्टींचा उगम दाखवतं. आजचा पाश्चात्त्य देवीपंथ हा बराचसा १९व्या-२०व्या शतकात घडलेला धर्म आहे, असं तो सांगतो, आणि पंथीयांची टिंगल न करता सांगतो. नवा धर्म असायला हरकत नाही. त्याचं वय खोटं सांगायला आहे.

यादीतलं पुस्तक हातात आलं तर मागून उघडा. टिपा आहेत का? असतील तर त्या दुसऱ्या तशाच पुस्तकाकडे बोट दाखवतात की कॉर्मॅक, सीझर, शिलालेख यांच्याकडे? मग एक नाव घ्या, समजा केरिडवेन. ती ‘प्राचीन केल्टिक वृद्धा-देवी’ असं छापलेलं असेल. तिच्या कढईची कथा वेल्समधल्या १६व्या शतकातल्या हस्तलिखितात आहे, आणि तिथे तिला कुणी देवी म्हणत नाही. पुस्तक हे सांगत नसेल तर परत पाठवा. आयरिश नावं असतील तर कॉर्क विद्यापीठाचा जुन्या आयरिश ग्रंथांचा संग्रह नेटवर फुकट आहे, तिथे शोधा. वाचलेले पैसे हटनला घाला. जाडजूड आहे, पण टिपा आहेत.