गलबत, गोंद आणि जुलै महिना

पुण्याला समुद्र नसला म्हणून काय झालं, नौदल भरपूर आहे. खडकवासल्याला एनडीए, लोणावळ्याला आयएनएस शिवाजी. त्यामुळे दर दुसऱ्या सोसायटीत पांढऱ्या गणवेशातला एखादा भाचा किंवा निवृत्त कमांडरकाका निघतोच, आणि त्यांच्या वाढदिवसाला ‘ते नांगर-बिंगर असलेलं’ हाताने केलेलं कार्ड हवं असतं. ज्याच्या घरी डायने, म्हणजे धारदार पत्र्याच्या साच्याने, कागदाचे आकार कापायचं मशीन आहे त्याच्या कपाळी हे काम लिहिलेलंच. मागणारा वर ऐकवतो, “तुला काय, मशीनच कापतं सगळं!”

कापतं ना. दहा सेकंदांत कापतं. उरलेली संध्याकाळ पाण्याशी भांडण्यात जाते. समुद्राचं कार्ड करताना छळतं ते पाणीच: हवेतलं, गोंदातलं आणि वाळूत लपून आलेलं.

सुरुवात कागदापासून. अप्पा बळवंत चौकात किंवा रविवार पेठेत ‘जाड कार्डशीट’ मागितलं की जे मिळतं त्यावर विश्वास ठेवू नये, जीएसएम (एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) विचारावा. कार्डाच्या मुख्य घडीला 250 ते 300, कापायच्या आकारांना 200 ते 250. गडद निळा कागद घेताना तो आतूनही निळा आहे का, हे बघणं फार महत्त्वाचं. वरून निळा आणि पोटात पांढरा निघाला, तर कापलेल्या नांगराला चारी बाजूंनी पांढरी कड दिसते. खात्री करायचा सोपा उपाय म्हणजे कोपरा फाडून बघणे. दुकानदाराचं यावरचं मत असं, की कागद आधी विकत घ्यावा आणि मग घरी जाऊन निवांत फाडावा.

शिवाजीनगरची हातकागद संस्था 1940 पासूनची, आणि तिथला कागद बघून जीव हरखतो. पण तो डायखाली घालू नका. हातकागदातल्या लांब तंतूंना डायची नाजूक धार पुरी पडत नाही; दोरखंडाचा आकार कापायला जावं तर कडेला लव सुटते. तोच कागद ओला न करता हाताने सावकाश फाडला की फाटलेली कड हुबेहूब लाटेचा फेस दिसते. म्हणजे मशीन असणाऱ्याने सगळ्यात सुंदर लाट हाताने फाडायची. असो.

ए-4 अर्धा कापला की ए-5, तो दुमडला की 105 बाय 148 मिलिमीटरचं कार्ड. कागद दुमडण्याआधी दोन्ही दिशांनी हलकेच वाकवून बघा. जिकडे तो सहज वाकतो त्या दिशेची घडी सरळ बसते, उलट दिशेची तडकते. घडीची रेघ आधी बोन फोल्डरने, म्हणजे घडी पाडायच्या बोथट पट्टीने, पाडावी. तो नसेल तर रिफील संपलेलं बॉलपेन आणि पट्टी. रेघ पाडली की एका बाजूला खाच येते आणि दुसऱ्या बाजूला उंचवटा. उंचवटा घडीच्या आत गेला पाहिजे. बघणाऱ्या प्रत्येकाला हे उलटं वाटतं आणि प्रत्येक जण तसं बोलूनही दाखवतो. ऐकू नये.

आता मशीन. खाली तळपाट, त्यावर पारदर्शक प्लेट, मग कागद, डाय आणि वर दुसरी प्लेट. डायची धार कागदाकडे. हे वाचायला बाळबोध वाटतं, पण धार प्लेटकडे ठेवून प्लेटवर सुबक नांगर कोरणारे लोक या शहरात आहेत. लांब सरळ कडेची डाय, म्हणजे लाटांची किंवा चौकटीची, रोलरखाली जरा तिरकी घाला; सरळ घातली तर सगळी कड एकदम दाबाखाली येते, मशीन कण्हतं आणि हँडल अडतं. थोडं करकरणं चालतं. पण हँडल अडलं की जोर लावायचा नाही, उलट फिरवून बाहेर काढायचं. प्लेटा एकाच बाजूने वापरल्या तर पापडासारख्या वाकतात, म्हणून दर वेळी पालथ्या करा.

मधला भाग नीट कापला जात नसेल तर प्लेटखाली साध्या कागदाचे एक-दोन तुकडे सरकवावेत आणि डाय नव्वद अंशात वळवून पुन्हा फिरवावी. आणि जुलैत काहीच नीट कापलं जात नसेल, तर दोष डायचा नाही. पावसाळ्यात उघड्यावर राहिलेला कागद हवेतलं पाणी पिऊन मऊ पडतो. मऊ कागद कापला जात नाही, नुसता दबतो. पिशवीत सिलिका जेलच्या पुड्यांसोबत बंद करून ठेवा. चपलांच्या खोक्यातून निघणाऱ्या त्या पुड्यांना आमच्या घरात दागिन्याचा मान आहे.

मासेमारीच्या जाळ्याची डाय हा स्वतंत्र छळ आहे. डाय आणि कागदाच्या मध्ये बटर पेपर घातला तर जाळं निदान अखंड सुटतं. पण प्रत्येक छिद्रातला शंकरपाळ्याच्या आकाराचा तुकडा जागच्या जागी बसून असतो. जाड फोमवर डाय ठेवून वरून ताठ केसांचा ब्रश फिरवला की तुकडे खाली पडतात. सगळे नाही. बाकीचे सुईने काढा, आणि त्या वेळी पंखा बंद ठेवा. पंखा लावायची आठवण घरातल्या कुणाला तरी नेमकी तेव्हाच होते.

जाळं, दोर, डोलकाठीचे ताण (तिला आधार देणारे दोर) असल्या बारीक गोष्टींना पांढरा गोंद लावू नये. त्यातल्या पाण्याने पातळ कागद फुगतो, वाळताना वेडावाकडा आखडतो. कापण्याआधीच कागदाच्या पाठीला दुहेरी चिकटपट्टीचं शीट लावा; कापलेला तुकडा स्टिकर होऊनच बाहेर येतो. नांगर मात्र गोंदानेच करावा. 250 जीएसएमचे तीन नांगर कापून एकावर एक चिकटवायचे, सगळ्यात वरचा सोनेरी. साधारण एक मिलिमीटर जाडी येते आणि बघणाऱ्याला वाटतं, लाकडाचा आहे. गोंद टोकदार नळीने ठिपक्या-ठिपक्यांनी लावा आणि वर जाडजूड पुस्तक ठेवा. घरातला दिवाळी अंकांचा गठ्ठाही चालतो.

लाटा तीन थरांत. सगळ्यात मागची फिकट आणि सपाट चिकटवलेली, मधली एक मिलिमीटर फोम टेपवर, पुढची गडद आणि दोन मिलिमीटरवर. गलबत मधल्या आणि पुढच्या लाटेच्या फटीत. लाटांचे शेंडे एकाखाली एक आणू नका, अर्ध्या लाटेने सरकवा, नाहीतर समुद्राऐवजी पत्र्याचं छप्पर दिसतं. फोमच्या उघड्या कडांवर धूळ चिकटते. तिथे ब्रशने टाल्कम पावडर फिरवली की चिकटपणा मरतो.

इथवर हाताचं काम. पुढे ज्ञानाचं, आणि पुण्यात ज्ञानाच्या बाबतीत चूक खपत नाही. वारा मागून येत असेल तर शीड पुढे फुगतं आणि डोलकाठीवरचं निशाणही पुढेच फडफडतं. डायच्या तयार संचांत शीड पुढे आणि निशाण मागे, अशी सर्रास उलटी फडकाफडकी असते. कमांडरकाका आधी ते बघतात, मग शुभेच्छा वाचतात.

त्याहून धोकादायक म्हणजे रंगीत चौकोनी निशाणांची माळ. ही शोभेची पताका नव्हे. आंतरराष्ट्रीय संकेतांत जवळजवळ प्रत्येक निशाण स्वतंत्रपणे काही तरी सांगतं. लाल-पांढरे चार चौकोन फार देखणे दिसतात, म्हणून लोक लग्नाच्या कार्डावर लावतात. ते ‘यू’ निशाण, अर्थ: तुम्ही संकटाच्या दिशेने चालला आहात. निवृत्तीच्या कार्डावर निळ्यावर पांढरी फुली, म्हणजे ‘एम’: माझं जहाज थांबलं आहे, पुढे सरकत नाही. वाढदिवसाला तिरप्या रेघेने दुभागलेलं लाल-पिवळं ‘ओ’: माणूस पाण्यात पडला. लग्नाला ‘एच’ लावा, अर्धं पांढरं, अर्धं लाल, उभी विभागणी. अर्थ असा की जहाजावर वाटाड्या आला आहे. निवृत्तीला निळ्यावर पांढरा चौकोन असलेलं ‘पी’: जहाज निघतंय, सगळ्यांनी वर या. घरातल्या घरात द्यायच्या कार्डाला मी पिवळ्या-निळ्या-पिवळ्या आडव्या पट्ट्यांचं ‘डी’ सुचवेन: माझ्यापासून लांब राहा, मला वळायला त्रास होतोय.

मराठी आरमाराचं कार्ड हवं असेल तर डायचा उपयोग नाही. बाजारात मिळतात ती परदेशी शिडाची जहाजं. आंग्र्यांच्या गुराबेची (लढाऊ जहाजाची) पुढे लांब निघालेली नाळ हवी असेल, तर पेन्सिल, कात्री आणि देवाचं नाव.

कार्डावर सुतळीची फुलपाखरी गाठ बांधताना दोन्ही वेढे एकाच दिशेने घेतले तर फुलपाखरू उभं राहतं. दुसरा वेढा उलट घ्या, ते आडवं बसतं. गोल खिडकीत वाळू हलणारं कार्ड करणाऱ्यांनी अॅसिटेटला, म्हणजे खिडकीच्या पारदर्शक प्लास्टिकला, आतून आधी पावडर लावावी, नाहीतर वाळू काचेला चिकटून बसते. खिडकीभोवतीच्या फोमच्या कड्यात केसाएवढीही फट नको. आणि हर्णैहून आणलेली वाळू तशीच भरू नका. तिच्यातलं मीठ हवेतलं पाणी ओढतं, पहिल्या पावसातच गोळा होतो. गोड्या पाण्याने तीन-चारदा धुवून कढईत भाजून घ्या. ही कढई कुठली वापरायची, हे ज्याच्या त्याच्या घरातल्या शांततेवर अवलंबून.

निळ्या कागदावर पेन उमटत नाही, म्हणून आत 100 जीएसएमचा पांढरा कागद घालावा, चारी बाजूंनी दोन-दोन मिलिमीटर लहान, आणि फक्त घडीशेजारी गोंदाची एक बारीक रेघ. सगळा चिकटवलात तर फुगेल.

मग पाकीट. 300 जीएसएमचा ए-5 एकटाच सव्वानऊ ग्रॅम भरतो. वर चिकटवलेले कार्डाएवढे दोन थर सहा-साडेसहा, पाकीट चार-साडेचार. म्हणजे आतला पांढरा कागद आणि नांगर चढायच्या आधीच टपालाचा 20 ग्रॅमचा टप्पा काठावर आला. तिकीट वजन करूनच लावा आणि शिक्का हाताने मारायची विनंती खिडकीवरच करा. तोही नांगर सोडून मारायचा. साध्या 114 बाय 162 च्या पाकिटात दोन मिलिमीटरची लाट मावत नाही, पाच मिलिमीटर बगलेचं खोकेवजा पाकीट स्वतः करावं लागतं. वाळूचं कार्ड टपालात टाकूच नये. ते हातोहात द्यावं, उभं धरून, आणि घेणाऱ्याला आधीच बजावून ठेवावं की कानाशी नेऊन हलवायचं नाही.